लिस्बन ते माद्रिद: ग्रुप टूरमधून इबेरियाची जुनी शहरं नीट कशी पाहावीत

अल्हाम्ब्रा पाहायचा म्हणून मी पहिल्यांदा स्पेनमधल्या ग्रानादाला गेले आणि अल्हाम्ब्राच्या आत पाऊल न ठेवता परत आले. माहितीपत्रकात ‘अल्हाम्ब्राचे विहंगम दर्शन’ असं छापलं होतं. प्रत्यक्षात समोरच्या टेकडीवर, सान निकोलासच्या चौकात बस थांबण्याच्या जागेपासून चढून गेलो, वीस मिनिटं पलीकडचा तो लालसर किल्ला पाहिला, फोटो काढले आणि खाली उतरलो. छापलेल्या शब्दांत खोटं काहीच नव्हतं. ते कसे वाचायचे हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर स्पेन-पोर्तुगालला दोनदा जाणं झालं, दोन्ही वेळा ग्रुपबरोबरच. पोर्तुगीज-स्पॅनिश येत नसताना, घरातली वडीलधारी माणसं बरोबर असताना आणि दहा दिवसांत पाच-सहा शहरं पाहायची असताना ग्रुप टूर सोयीची पडते. शिवाय चांगला स्थानिक गाईड भेटला तर एखाद्या खांबावरून हजार वर्षं उलगडून दाखवतो. पण टूर निवडताना मी आता एकच हिशेब करते. शहरं किती हे मोजत नाही, प्रत्येक शहरात पायांवर किती तास मिळणार ते मोजते. पुढचं सगळं या हिशेबातूनच आलेलं आहे.

माहितीपत्रक हातात घेतल्यावर

पेन घ्या आणि प्रत्येक ठिकाणापुढचं क्रियापद अधोरेखित करा. ‘पॅनोरामिक टूर’ म्हणजे बसच्या खिडकीतून. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, बाहेरून. ‘ओरिएंटेशन टूर’ म्हणजे टूर मॅनेजर चौक आणि रस्ते दाखवणार, परवानाधारक गाईड नसणार. ‘प्रवेशासह’ किंवा ‘तिकीट समाविष्ट’ असं स्पष्ट लिहिलं असेल तरच तुम्ही आत जाणार आहात.

या मार्गावर पाच ठिकाणं आतून पाहिली नाहीत तर सहल अपुरी राहते, असं माझं ठाम मत आहे: लिस्बनचा जेरोनिमोस मठ, सेव्हिलचं कॅथेड्रल आणि त्यालगतचा अल्काझार राजवाडा, कोर्दोबाची मेझकिता (जुनी मशीद), ग्रानादाचा अल्हाम्ब्रा आणि तोलेदोचं कॅथेड्रल. अल्हाम्ब्राच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारा: ‘नासरी राजवाडे तिकिटात आहेत का?’ कारण फक्त बागा आणि तटबंदीचंही वेगळं तिकीट मिळतं. सिंहांचा चौक, कोरीव छतं, पाण्यात उलटी पडलेली कमानींची सावली, हे सगळं नासरी राजवाड्यांत आहे. उत्तर तोंडी घेऊ नका, ईमेलवर मागा.

मग मुक्काम पाहा. एका रात्रीचे मुक्काम जितके जास्त, तितकी रोज सकाळी बॅग भरायची. मला पटलेली मांडणी अशी: लिस्बन तीन रात्री, सेव्हिल दोन, ग्रानादा दोन, तोलेदो एक, माद्रिद दोन. कोर्दोबा सेव्हिलहून ग्रानादाला जाताना आणि एव्होरा लिस्बनहून सेव्हिलला जाताना वाटेवर येतं. लिस्बन ते सेव्हिल सुमारे ४६० किलोमीटर आहे, म्हणजे तो दिवस लांबच असतो. पण एव्होरात दीड-दोन तास मिळाले तर पहिल्या शतकातल्या रोमन देवळाचे खांब आणि माणसांच्या हाडा-कवट्यांनी मढवलेलं कपेला दुश ओसुश हे चॅपल, दोन्ही पाहून होतं. चॅपल सगळ्यांना झेपत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर आधी ठरवून ठेवा.

हॉटेलचं नाव आधी मिळत नसेल तर निदान ‘जुन्या शहरापासून चालत किती’ हे विचारा. ग्रुपचा कार्यक्रम सहाला संपतो आणि मे-जूनमध्ये सेव्हिलला नऊच्या पुढेही उजेड असतो. हॉटेल हमरस्त्यावर असेल तर ते तीन तास खोलीत जातात, गावात असेल तर ते तुमचे.

बसचं गणितही समजून घ्या. युरोपीय नियमांनुसार ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाचं चालवणं साधारण नऊ तासांवर जाऊ शकत नाही. सकाळी कोणी अर्धा तास उशिरा आलं तर तो अर्धा तास रात्री ड्रायव्हर भरून काढू शकत नाही. तो सगळ्यांच्या कोर्दोबातून वजा होतो.

कधी जावं

एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा, किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत जमलं तर उत्तम, कारण मे महिन्यात कोर्दोबात घरोघरची अंगणं फुलांनी सजवून लोकांसाठी उघडी ठेवतात. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिल आणि कोर्दोबाचा पारा चाळिशी ओलांडतो. विदर्भातल्या माणसाला ते नवं नाही, पण त्या उन्हात दगडी फरशीवर चार तास चालायचं असतं. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात सेव्हिलच्या मिरवणुका पाहण्यासारख्या असतात, मात्र रस्ते बंद, हॉटेलं महाग आणि गर्दी भयंकर. तेव्हा मुद्दाम मिरवणुकीसाठीच जायचं असेल तर जा.

वारही तपासा. जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो, आणि अनेक संग्रहालयांचीही सुट्टी सोमवारीच असते. लिस्बनमधला तुमचा एकमेव मोकळा दिवस सोमवार येत असेल तर बुकिंगआधीच बोला.

व्हिसा, विमा, पैसे

दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे व्हिसा एकच. तो कुठल्या देशाचा घ्यायचा, यावर गोंधळ होतो. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि दिवस सारखे असतील तरच पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. वरच्या मांडणीत पोर्तुगालच्या तीन रात्री आणि स्पेनच्या सात, म्हणून विमान लिस्बनला उतरलं तरी अर्ज स्पेनचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण शेवटच्या तारखेची वाट पाहणं धोक्याचं आहे. एप्रिल-मेच्या गर्दीत अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून तीन महिने आधी कामाला लागा.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. प्रवास विम्यात वैद्यकीय खर्चासाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं. मधुमेह-रक्तदाब असेल तर तो आजार विम्यात जाहीर केला आहे ना, हे पॉलिसी उघडून स्वतः वाचा. एजंटने भरलेल्या फॉर्ममध्ये हा रकाना अनेकदा ‘नाही’ असा जातो, आणि दाव्याच्या वेळी तेवढ्यावरच अडतं.

पॅकेजच्या रकमेवर टीसीएस कापला जातो. तो खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होणारा कर आहे आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. म्हणून पैसे ज्याच्या नावावर वळते करायचे आहेत त्याच्याच खात्यातून भरा. लिस्बनचा पर्यटक कर, माणशी रात्रीला चार युरो, बहुतेक पॅकेजांत धरलेला नसतो आणि हॉटेलच्या काउंटरवर मागतात. त्याशिवाय टिप किती, पाण्याची बाटली कोणाची, ‘ऐच्छिक’ फ्लामेंको नाचाचा कार्यक्रम किती युरोंचा, हे आधीच लिहून घेतलं की रोजची कुरबुर होत नाही. रोख माणशी रोजचे वीस-पंचवीस युरो पुरतात, बाकी फॉरेक्स कार्ड सगळीकडे चालतं.

निघण्याआधीचा महिना

रोज आठ-दहा किलोमीटर चालणं होतं आणि तेही चढ-उताराच्या दगडी रस्त्यांवर. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या छोट्या घोटीव चौकोनांचे असतात. दिसायला देखणे, पण दोन थेंब पडले की निसरडे. महिनाभर आधीपासून टेकडी चढायला लागा, जायचे ते बूट घालून. कोरे बूट घालून विमानात बसू नका. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी घडीची काठी न्यावी. लिस्बनच्या आल्फामा भागात आणि ग्रानादाच्या अल्बाइसिनमध्ये तिचा फार आधार होतो.

आणि वाचा. प्रत्येक शहराचं एक पान पुरे. गाईड कानातल्या रेडिओवर भरभर बोलत असतो. उमय्या कोण, नासरी कोण, इसाबेल आणि फर्नांदो कोण, एवढं डोक्यात असलं तर त्याचं बोलणं नुसतं गोंगाटासारखं वाटत नाही. आमच्या दुसऱ्या सहलीत मैत्रिणींनी शहरं वाटून घेतली होती आणि आदल्या संध्याकाळी बसमध्ये जिची तिने दहा मिनिटं माहिती सांगायची, असं ठरलं होतं. कोर्दोबा ज्या मावशींकडे होतं, त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, इतिहासाशी कधी संबंध नव्हता. त्यांनी सांगितलेलं मला अजून आठवतं.

लिस्बन: आपल्या ओळखीचं परकं शहर

मराठी माणसाने लिस्बनला नुसतं ‘पाहायला’ जाऊ नये, थोडा हिशेब मांडायला जावं. समुद्राचा अर्धा फेरा मारून पोर्तुगीज चौल, वसई, गोव्याला आले होते. वसई त्यांच्याकडे १५३४ पासून होती, ती चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतली. बटाटा, पाव, काजू, अननस, कोबी, चावी, पगार, घमेलं हे शब्द त्यांच्याकडून आपल्या घरात आले. लिस्बनच्या बेकरीच्या पाटीवर ‘पाँव’ वाचलं की काय वाटतं ते तिथेच कळतं.

बेलें भागासाठी अर्धा दिवस मागा. जेरोनिमोस मठाचं बांधकाम १५०१ मध्ये सुरू झालं, आणि त्याचा मोठा खर्च पूर्वेच्या नि आफ्रिकेच्या व्यापारावर बसवलेल्या पाच टक्क्यांच्या करातून निघाला. त्या व्यापारात मलबारची मिरी होती. चर्चमध्ये शिरल्यावर लगेच वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ मध्ये कोचीत वारला, आधी तिथेच पुरला गेला आणि त्याचे अवशेष १५३९ मध्ये पोर्तुगालला नेले गेले. मठाच्या खांबांवर कोरलेले दोरखंड, पोवळी, समुद्री वेली नीट पाहा. ही मानुएलीन शैली. जुन्या गोव्यात रोझरीच्या चर्चवर आणि सेंट फ्रान्सिसच्या चर्चच्या दारावर तिच्याच खुणा आहेत. गोव्याचं ते दार आधी पाहून गेलात तर बेलें दुप्पट बोलतं.

बेलेंच्या बुरुजाशी गाईडला एक विनंती करा: ‘गेंडा दाखवा.’ एका टेहळणी बुरजीच्या तळाशी झिजलेलं गेंड्याचं डोकं आहे. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने निघून १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला उतरला. पोर्तुगीज त्याला ‘गांदा’ म्हणत, म्हणजे आपलाच गेंडा. पुढे राजाने तो पोपला धाडला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला न पाहताच, वर्णनावरून केलेलं चित्र युरोपभर गाजलं.

१ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात शहराचा मोठा भाग पडला, म्हणून नदीकाठचा बायशा भाग सरळ आखीव रस्त्यांचा आणि भूकंपातून वाचलेला आल्फामा वळणावळणाचा. दोन्ही एकाच दिवशी चाला, म्हणजे फरक पायांना कळतो. २८ नंबरच्या ट्रामचं सगळ्यांना आकर्षण असतं. सकाळी आठच्या आत जा, एरवी ती खच्चून भरलेली असते आणि खिसेकापूंची ती आवडती जागा आहे.

लिस्बनजवळच्या सिंत्राला जाणार असाल तर पेना राजवाड्याचं तिकीट वेळेचं असतं आणि फाटकापासून वर चढ आहे. राजवाडा रंगीत आणि सुंदर आहे, पण एकोणिसाव्या शतकातला. वेळ कमी असेल तर मी सिंत्रा सोडेन, बेलें सोडणार नाही.

सेव्हिल आणि कोर्दोबा

सीमा ओलांडताना घड्याळ एक तास पुढे करा. स्पेन पोर्तुगालच्या एक तास पुढे आहे आणि दर ग्रुपमध्ये दुसऱ्या सकाळी यावरून धावपळ होते.

सेव्हिलच्या कॅथेड्रलचा हिराल्दा मनोरा हा बाराव्या शतकातल्या मशिदीचा मिनार. आत पायऱ्यांऐवजी ३५ उतरणी आहेत, बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून केलेल्या असं सांगतात. त्यामुळे पायऱ्या न चढवणाऱ्यांनाही सावकाश वर जाता येतं. अल्काझारमध्ये पेद्रो राजाने १३६४ मध्ये बांधायला घेतलेला महाल पाहताना लक्षात ठेवा: राजा ख्रिस्ती, कारागीर मुस्लिम परंपरेतले, भिंतीवर अरबी अक्षरं. हे मिश्रण समजलं की पुढचा सगळा अंदालुसिया, म्हणजे दक्षिण स्पेन, समजायला लागतो.

कोर्दोबाला बहुतेक टूर दोन तास देतात. चार मागा. मेझकिता ७८५ मध्ये दमास्कसहून जीव वाचवून आलेल्या उमय्या राजपुत्राने, पहिल्या अब्द अल-रहमानने, सुरू केली. त्याच्या कारागिरांनी रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे जुने खांब वापरले. ते आखूड होते आणि छत उंच हवं होतं, म्हणून कमानीवर कमान चढवली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं ते प्रसिद्ध अरण्य अशा अडचणीतून उभं राहिलं. पुढच्या दोन शतकांत ते वाढत गेलं, १२३६ मध्ये शहर जिंकल्यावर त्याचं चर्च झालं आणि सोळाव्या शतकात मधोमध आख्खं कॅथेड्रल उभारलं गेलं. आत गेल्यावर पाच मिनिटं कानातला रेडिओ काढून ठेवा आणि सर्वांत जुन्या भागात नुसते उभे राहा. मग गाईडमागे मिहराबकडे, म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याकडे जा, तिथलं सोनेरी मोझेक बायझंटाइन कारागिरांच्या हातचं आहे.

बाहेर ज्यू वस्तीच्या अरुंद गल्ल्या आहेत, त्यांत १३१५ चं छोटं सिनेगॉग आहे. याच शहरात ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीज जन्मला.

ग्रानादा: एका वेळेभोवती फिरणारा दिवस

अल्हाम्ब्राचं तिकीट नावाचं असतं आणि पासपोर्ट क्रमांकाला जोडलेलं असतं. त्यामुळे तीन गोष्टी पाळा. टूर कंपनीला पासपोर्टची प्रत बुकिंगबरोबरच द्या. मध्ये पासपोर्ट नवा काढलात तर लगेच कळवा. त्या दिवशी मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, हॉटेलच्या तिजोरीत नव्हे. नासरी राजवाड्यांना अर्ध्या तासाची प्रवेशवेळ छापलेली असते आणि ती चुकली तर आत सोडत नाहीत. मुख्य फाटकापासून तिथे चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून स्वच्छतागृह आधीच उरकून घ्या.

आत भिंतींवर एक ओळ शेकडो वेळा कोरलेली दिसेल, ‘अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही’. ती नासरी घराण्याची बिरुदावली होती, आणि त्याच घराण्याच्या शेवटच्या सुलतानाने, बोआबदिलने, २ जानेवारी १४९२ ला किल्ला इसाबेल आणि फर्नांदो या ख्रिस्ती राणी-राजाच्या हवाली केला. दोघांच्या कबरी खाली गावातल्या राजेशाही चॅपलमध्ये आहेत. संध्याकाळी सान निकोलासला जाच. आतून पाहिल्यावर ते विहंगम दर्शन खरोखर विहंगम वाटतं. तिथे किंवा कॅथेड्रलजवळ कोणी रोझमेरीची काडी हातात द्यायला आलं तर हात मागे घ्या. काडी घेतली की पैसे मागतात आणि गराडा पडतो.

जेवण

रोज रात्री भारतीय जेवण देणारी टूर आमच्याकडच्या ज्येष्ठांना दिलासा देते. तरी निदान दुपारी स्थानिक खा. शाकाहारींसाठी सेव्हिलमध्ये पालक-छोल्यांची ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ आहे, तिच्यात जिरं असतं आणि चपातीची आठवण येते. कोर्दोबात वांग्याचे तळलेले काप उसाच्या काकवीबरोबर देतात. टोमॅटो चोळलेला पाव आणि तळलेल्या बटाट्याच्या ‘पातातास ब्रावास’ सगळीकडे मिळतात. सावध कुठे राहायचं? ‘साल्मोरेहो’ या गार टोमॅटो सुपावर डुकराच्या मांसाचे तुकडे आणि उकडलेलं अंडं घालतात, पोर्तुगालच्या ‘काल्दो व्हेर्द’मध्ये सॉसेजची चकती असते, भाज्यांच्या पाएलाचा भात माशाच्या पाण्यात शिजलेला असू शकतो, आणि ‘तोर्तिया’ म्हणजे अंड्याचं जाड ऑम्लेट. ‘पाश्तेल द नाता’तही अंड्याचा बलक असतो. स्पेनमध्ये ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन उएवो’ एवढं पाठ करा: मांस, मासे, हॅम, अंडं नको. पोर्तुगालमध्ये हेच ‘सें कार्न, सें पेइश, सें प्रेझुंतु, सें ओवु’.

पोर्तुगालमध्ये बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोनला आणि रात्रीचं नऊला सुरू होतं, म्हणून पिशवीत चिवडा-लाडू असू द्या. नळाचं पाणी दोन्हीकडे पिण्याजोगं आहे, रिकामी बाटली न्या.

तोलेदो आणि शेवटचे दोन दिवस

तोलेदो माद्रिदहून सकाळी जाऊन दुपारी परत येण्याचं ठिकाण म्हणून विकलं जातं. मी तिथे रात्र राहण्याचा आग्रह धरते. पाचनंतर दिवसाचे प्रवासी निघून जातात आणि तीन बाजूंनी ताहो नदीने वेढलेलं ते गाव गावासारखं होतं. सान्तो तोमेच्या चर्चमध्ये एल ग्रेकोचं काउंट ऑर्गासच्या दफनाचं चित्र आहे. ते एकच चित्र, पण पंधरा मिनिटं द्या.

इथे आपलाही एक धागा आहे. अकराव्या शतकात तोलेदोचा काझी असलेल्या साईद अल-अंदालुसीने ज्ञान जोपासणाऱ्या राष्ट्रांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात पहिलं स्थान भारताला दिलं. बाराव्या शतकात क्रेमोनाचा जेरार्द इथेच राहून अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं करत होता. भारतीय अंकांवरचं आणि ज्योतिषगणितावरचं अरबी लेखन याच काळात लॅटिनमध्ये उतरलं. संस्कृत ‘ज्या’ अरबीतून जाताना बदलत गेली आणि लॅटिन भाषांतरकारांच्या हाती तिची ‘सायनस’ झाली. शाळेत मुलं शिकतात तो साइन हाच. गाईड हे आपणहून सांगेलच असं नाही, पण विचारलं की खुलतो.

माद्रिदला प्रादो संग्रहालयात सगळं पाहायचा प्रयत्न करू नका. व्हेलास्केसचं १६५६ चं ‘लास मेनिनास’ आणि गोयाची दालनं, दीड तास. दुसऱ्या दिवशी रेइना सोफियात पिकासोचं ‘गेर्निका’.

परतीच्या दिवशी खरेदीवरचा कर परत हवा असेल तर दुकानातून घेतलेले फॉर्म, वस्तू आणि पासपोर्ट घेऊन माद्रिद विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी यंत्रावर शिक्का घ्यावा लागतो. लिस्बनमध्ये घेतलेल्या वस्तूंचं कामही इथेच होतं, कारण युरोपीय संघ तुम्ही इथून सोडत असता. वस्तू कधीकधी तपासायला मागतात, त्या बॅगेत अगदी वर ठेवा. ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या मात्र कपड्यांत गुंडाळून चेक-इनमध्येच टाका, हातातल्या सामानात त्या सुरक्षा तपासणीला काढून घेतात. ग्रुप विमानतळावर तीन तास आधी पोचतो, ही कामं असतील तर टूर मॅनेजरला आदल्या रात्री सांगून चार तास मागून घ्या.